थायरॉईड, धडधड आणि धास्ती: मराठवाड्यातल्या बायांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थायरॉईडची गोळी चालू आहे, तरीही जीव घाबरा होतो, रात्री दचकून जाग येते, घरातलं कुणी यायला उशीर झाला की मनात नको ते येतं, असं सांगणाऱ्या बाया मला रोज भेटतात. मी लातूर जिल्ह्यात समुपदेशनाचं काम करते आणि स्वतःही थायरॉईडची गोळी घेते. या पानावर थायरॉईडची गोळी म्हणजे ग्रंथी मंद असताना देतात ती थायरॉक्सिनची गोळी. डॉक्टरांसमोर जेमतेम दोन मिनिटं मिळतात आणि खरे प्रश्न एसटीत बसल्यावर आठवतात. ते प्रश्न इथे घेतले आहेत. गोळीचा डोस कमी-जास्त करणं मात्र डॉक्टरांचंच काम, ते या पानावरून करू नका.

थायरॉईडमुळे धास्ती वाटते, की धास्तीमुळे थायरॉईड झाला?

काळजी करून करून थायरॉईड मंद झाला, असं म्हणायला आधार नाही. ज्या भागात मिठातून पुरेसं आयोडीन मिळतं, तिथे ग्रंथी मंद होण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटणं. त्याला हाशिमोटो म्हणतात. त्यात तुमच्या स्वभावाचा, संसाराचा, रडण्याचा दोष नाही. 'तू लई विचार करतीस म्हणून झालं' हे ऐकून घेऊ नका.

उलट दिशेने मात्र संबंध आहे. थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं तर छाती धडधडते, हात थरथरतात, घाम फुटतो, वजन उतरतं, झोप उडते आणि कारण नसताना भीती वाटते. हार्मोन कमी झालं तर अंग जड पडतं, वजन वाढतं, पोट साफ होत नाही, उदास वाटतं. ग्रंथी मंद असलेल्या कितीतरी जणींना याच्या जोडीला धास्तीही असते.

रिपोर्ट वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. टीएसएच हे थायरॉईड ग्रंथीचं हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी तो सोडते. टोळीचं काम मागे पडलं की मुकादम जसा जास्त ओरडतो, तसं थायरॉईड ग्रंथी कमी काम करायला लागली की टीएसएच वाढतो. म्हणून आकडा वाढलेला असेल तर हार्मोन कमी आहे आणि आकडा फार खाली गेला असेल तर हार्मोन जास्त आहे. बहुतेक लॅबमध्ये साधारण 0.4 ते 4 किंवा 5 हा नेहमीचा पल्ला छापलेला असतो. गरोदरपणात आणि वयानुसार तो बदलतो.

"रिपोर्ट नॉर्मल हाय म्हणतेत, मग मला असं काहून होतंय?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि सगळ्यात जास्त बाया इथेच एकट्या पडतात. डॉक्टर म्हणतात काही नाही, घरचे म्हणतात मनाचे खेळ आहेत, आणि रात्री अडीच वाजता छातीवर हात ठेवून ती एकटी बसलेली असते.

टीएसएच जागेवर आला म्हणजे गोळीचा डोस शरीराला पुरतो आहे, एवढंच तो कागद सांगतो. धडधडीची बाकी कारणं त्या कागदावर नसतात. आधी हिमोग्लोबिन बघा. थायरॉईड मंद असताना अनेकींना पाळीत अंगावरून जास्त जातं. महिनोन्‌महिने रक्त गेलं की शरीरातलं लोह संपतं, मग जिना चढताना किंवा हापशावरून घागर उचलताना छाती भात्यासारखी चालते. थायरॉईडची गोळी लागू पडली तरी ही कमी आपोआप भरून येत नाही. त्यासाठी लोहाच्या गोळ्या काही महिने घ्याव्या लागतात. बी-12 आणि साखरही तपासून घ्या. दिवसातून पाच-सहा वेळा कडक चहा होत असेल, मिश्री लावायची किंवा तंबाखूची सवय असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. चहातल्या कॅफिनने आणि तंबाखूतल्या निकोटिनने हृदयाचे ठोके वाढतात. मिश्रीचं सांगायला बाया लाजतात, आणि नेमकी तीच गोष्ट राहून जाते.

हे सगळं पाहूनही त्रास राहिला, तर चिंतेचा आजार असू शकतो. थायरॉईड बिघडलेला असताना शरीराने पुष्कळ दिवस थकवा, धडधड, झोपमोड सोसलेली असते. मनाला त्या खुणांवर पाळत ठेवायची सवय लागते. पुढे एखादा ठोका नुसता चुकला तरी भीती वाटते. भीतीने अ‍ॅड्रिनॅलिन वाढतं, त्याने ठोके वाढतात, वाढलेले ठोके जाणवले की भीती दुप्पट होते. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून हे चक्र थांबत नाही. त्याला वेगळा उपचार लागतो आणि तो उपलब्ध आहे. थायरॉईडचा आणि धास्तीचा उपचार एकाच वेळी चालू शकतो. एक बरं होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं कारण नाही.

गोळी सुरू केल्यापासूनच घाबरल्यासारखं होतंय. गोळीमुळे असेल का?

असू शकतं. डोस गरजेपेक्षा जास्त झाला तर हार्मोन जास्त झाल्याची लक्षणं येतात: धडधड, थरथर, झोप न लागणं, चिडचिड. वजन लवकर उतरावं म्हणून कुणी स्वतःच दोन गोळ्या घेतल्या तरी हेच होतं. अशा वेळी डॉक्टरांना भेटा आणि टीएसएच तपासा. गोळी एकदम बंद करू नका, मनाने अर्धी करू नका.

हे औषध शरीरात सावकाश चढतं आणि सावकाश उतरतं. त्याचं अर्धं प्रमाण कमी व्हायला साधारण 7 दिवस लागतात. म्हणूनच डोस बदलल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी तपासणी करायला सांगतात. त्याआधी केलेल्या तपासणीचा आकडा पक्का नसतो आणि तो बघून उगीच धसका बसतो. एखाद्या दिवशी गोळी राहिली तर काही बिघडत नाही, दुसऱ्या दिवसापासून नेहमीसारखी सुरू ठेवा. 'गोळी चुकली, आता काय होईल' या विचाराने दिवसभर कासावीस होणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगते.

आणखी एक. केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर लॅबमध्ये आणि डॉक्टरांना आधी सांगा. बायोटिनमुळे थायरॉईडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो, कधीकधी हार्मोन फार जास्त झाल्यासारखा. तपासणीच्या किमान दोन दिवस आधी ते थांबवायला सांगतात.

गोळी सकाळीच का? आणि चहा लगेच का नको?

कारण ही गोळी रिकाम्या पोटीच नीट शोषली जाते. साध्या पाण्याबरोबर घ्या आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा-नाष्टा नको. चहा, दूध, भाकरी यांच्याबरोबर घेतली तर तिचा काही भाग वाया जातो. डोस बरोबर असून आकडा वर-खाली होत राहतो आणि तब्येतही तशीच हेलकावे खाते.

आपल्याकडे हे किती अवघड आहे, याची मला कल्पना आहे. पहाटे उठल्या उठल्या टँकर आला का, नळ आला का हे बघायचं, सासऱ्यांना चहा, पोरांचे डबे, म्हशीची धार. सगळ्यांबरोबर उभ्या उभ्या घोटभर चहा होऊन जातो आणि मग गोळी आठवते. माझी युक्ती अशी: गोळीची बाटली आणि पाण्याचा तांब्या झोपायच्या जागेजवळ ठेवायचा. पहाटे चारला कशासाठीही उठलात की तेव्हाच गोळी घ्यायची. चूल किंवा गॅस पेटवायच्या आधी ती पोटात गेली पाहिजे. ज्यांना सकाळ जमतच नाही, त्यांना डॉक्टर रात्री झोपताना, जेवणानंतर तीनेक तासांनी घ्यायला सांगू शकतात. तीही तितकीच लागू पडते. वेळ कोणतीही ठरवा, रोज तीच ठेवा.

लोहाची आणि कॅल्शियमची गोळी यापासून चार तास लांब ठेवा. सरकारी दवाखान्यातून लाल गोळ्या मिळतात आणि बाया सगळ्या गोळ्या एकाच मुठीत घेतात, त्यात थायरॉईडची गोळी निम्मी फुकट जाते. सकाळी उपाशीपोटी 'गॅसची गोळी' घ्यायची सवय असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानेही शोषण कमी होतं.

उन्हाळ्यात पारा चाळीशीच्या पुढे जातो तेव्हा बाटली पत्र्याखालच्या फळीवर, खिडकीत किंवा चुलीजवळ ठेवू नका. उष्णतेने आणि ओलाव्याने औषधाचा जोर कमी होतो. घरातल्या सगळ्यात गार आणि कोरड्या कपाटात, तिच्या मूळ बाटलीतच ठेवा.

नवरात्राचे उपास, रमजानचे रोजे, तुळजापूरला पायी जाणं, हे चालतं का?

उपासात थायरॉईडची गोळी पाण्याबरोबर घेता येते. ती बंद करण्याचं कारण नाही, देवीलाही ते नको असणार. नऊ दिवस फक्त चहा आणि साबुदाण्यावर काढले तर मात्र धडधड आणि चक्कर वाढते. त्याला थायरॉईडचं नाव लावू नका. दाण्याचे पदार्थ, ताक, राजगिरा, फळं पोटात जाऊ द्या. रोज्यात गोळी सहरच्या अर्धा-एक तास आधी किंवा रात्री झोपताना रिकाम्या पोटी घेता येते. रमजान लागायच्या आधीच वेळ डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

पायी जायला हरकत नाही, फक्त आकडा फार बिघडलेला असेल किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी विचारा.

आम्ही ऊसतोडीला जातो. सहा महिने गावात नसतो.

मग औषधाची बेगमी निघायच्या आधी करा. दिवाळीच्या सुमारास टोळी निघते त्याआधी तपासणी करून घ्या आणि परत येईपर्यंतची गोळी बरोबर घ्या. त्या लहान बाटल्यांमध्ये साधारण 100 ते 120 गोळ्या असतात, म्हणजे दोन बाटल्या. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, मधे गोळी संपली तर कारखान्याजवळच्या दुकानात तो दाखवता येईल. कंपनी बदलली तर डॉक्टरांना कळवा, काही आठवड्यांनी पुन्हा टीएसएच बघावा लागतो.

पहाटे अंधारात फडात उतरायचं, मोळ्या डोक्यावर, लेकरू पाचटावर झोपवलेलं. या परिस्थितीत धास्ती वाटणं हे कमकुवतपणाचं लक्षण नाही. उचल फेडायची आहे म्हणून आजार सांगायचा नाही, हे ओझं मी समजू शकते. तरी कोप्यावर एका तरी बाईला सांगून ठेवा की मला असा त्रास होतो, झाला तर माझ्याजवळ बस.

गर्भपिशवी काढल्यापासून अंगातून वाफा निघतात, घाम येतो, जीव घाबरतो. हे थायरॉईडचं का?

आधी डिस्चार्ज कार्ड काढून बघा, किंवा कुणाकडून वाचून घ्या. गर्भपिशवीबरोबर अंडाशयंही काढली आहेत का, हे त्यावर लिहिलेलं असतं. काढली असतील तर इस्ट्रोजेन, म्हणजे अंडाशयांतून येणारं हार्मोन, एकाएकी बंद होतं. जे पन्नाशीकडे हळूहळू व्हायचं ते तिशीत एका रात्रीत होतं: वाफा, धडधड, झोप जाणं, रडू येणं, भीती. पुढे हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयाचा धोकाही वाढतो. फक्त पिशवी काढली असली तरी काहींची अंडाशयं लवकर थकतात.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, सरकारने चौकशी समितीही नेमली. पण ज्यांची पिशवी आधीच काढून झाली, त्यांच्या नंतरच्या त्रासाबद्दल फार कमी बोललं गेलं, याचं मला वाईट वाटतं. तुम्ही त्यांपैकी असाल तर स्त्रीरोग विभागात जाऊन स्पष्ट विचारा: 'माझी अंडाशयं काढली आहेत, मला हार्मोनचे उपचार देता येतील का?' कमी वयात अंडाशयं गेली असतील आणि दुसरी काही अडचण नसेल, तर नैसर्गिक पाळी जायच्या वयापर्यंत असे उपचार देतात. थायरॉईडची तपासणीही त्याच वेळी करून घ्या, दोन्ही असू शकतं.

एकदम श्वास कोंडतो, हातापायाला मुंग्या येतात, आता मरते असं वाटतं. त्या क्षणी काय करायचं?

पहिल्यांदाच असं झालं असेल तर दवाखान्यात जा आणि ईसीजी काढून घ्या. छातीवर दाब येऊन कळ डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, घामाने अंग भिजलं असेल, शुद्ध हरपली असेल, किंवा साखर-बीपी असताना श्रमाने छातीत दुखत असेल तर 108 ला फोन करा. तिथे मनाचं असेल असा अंदाज कुणीच करत बसू नये.

हृदय ठीक आहे हे तपासून कळलं असेल आणि तोच झटका पुन्हा आला, तर तो भीतीचा झटका आहे. तो साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग ओसरतो. त्याने जीव जात नाही. बसा, पाठ भिंतीला टेका, पाय जमिनीला लागू द्या. नाकाने सावकाश श्वास घ्या, मनात चारपर्यंत मोजा. सोडताना सहापर्यंत मोजा. सोडणं घेण्यापेक्षा लांब हवं, हीच त्यातली मुख्य गोष्ट. मुंग्या येतात त्या बहुधा भराभर श्वास घेतल्याने, श्वास संथ झाला की त्या जातात. तोंडाला पिशवी लावू नका. जवळच्यांनी गराडा घालू नये, कांदा हुंगवू नये, एकाने जवळ बसून श्वास मोजावा.

झटका गेल्यावर जे होतं ते जास्त नुकसान करतं. आठवडी बाजारात झटका आला की बाई बाजार सोडते. एसटीत आला की एसटी सोडते. मग माहेर सुटतं, लग्नकार्य सुटतं, शेवटी दाराबाहेर बसणंही सुटतं. प्रत्येक वेळी टाळल्याने हायसं वाटतं, म्हणून भीती अजून पक्की होते. समुपदेशनात आम्ही हा रस्ता उलटा चालतो. माझ्याकडे येणाऱ्या एका काकूंनी सुरुवातीला नुसतं स्टँडवर जाऊन बसायचं ठरवलं. गाडीत चढायचं नाही, फक्त बाकावर बसायचं, धडधड झाली तर होऊ द्यायची, ती उतरेपर्यंत उठायचं नाही. पुढे सुनेबरोबर एका फाट्यापर्यंतचं तिकीट काढलं. मग एकटीने तेवढंच. नंतर तालुक्याला. घाई केली नाही, एकही पायरी गाळली नाही. पहिल्या दिवशी त्यांच्या हातातल्या पिशवीचे बंद घामाने ओले झाले होते, आणि तरी त्या बसून राहिल्या. मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

सलाईन लावलं की बरं वाटतं. दर आठवड्याला लावलं तर?

उलट्या-जुलाब झाले, ऊन लागून अंगातलं पाणी गेलं, तर सलाईनचा उपयोग आहे. धास्तीवर ते औषध नाही. तासभर आडवं पडायला मिळतं, कुणीतरी विचारपूस करतं, घरातलं काम थांबतं, त्यानेच बरं वाटतं. ती विश्रांती तुमच्या हक्काची आहे. ती सुई न टोचता मिळाली पाहिजे.

मानसोपचाराच्या गोळ्यांची सवय लागते का? थायरॉईडच्या गोळीबरोबर चालतात का?

गोळ्या दोन प्रकारच्या असतात आणि त्यांची गल्लत होते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन यांसारख्या गोळ्यांची नशेसारखी चटक लागत नाही. त्यांचा गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात आणि पहिल्या काही दिवसांत मळमळ किंवा अस्वस्थपणा वाटू शकतो, तेव्हाच बऱ्याच जणी घाबरून सोडून देतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर त्या काही महिने चालू ठेवतात आणि मग हळूहळू कमी करतात.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या दुसऱ्या प्रकारच्या. त्या लगेच शांत करतात, झोप आणतात, आणि जास्त दिवस घेतल्या तर त्यांची सवय लागते. मेडिकलवरून चिठ्ठीशिवाय 'झोपेची गोळी' आणून वर्षानुवर्षं घेणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. तुम्ही घेत असाल तर लाजू नका आणि एकदम बंदही करू नका, त्याने फीट येऊ शकते. डॉक्टर टप्प्याटप्प्याने सोडवतात.

थायरॉईडच्या गोळीबरोबर ही औषधं चालतात. सर्ट्रालिन सुरू केल्यावर काहींना थायरॉईडचा डोस थोडा वाढवावा लागतो, म्हणून दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दाखवा. गोळ्यांशिवाय बोलण्याचे उपचारही आहेत, विचार आणि वागणं बदलायला शिकवणारे. बऱ्याच जणींना दोन्ही मिळून चांगला गुण येतो.

जायचं कुठे? आमच्या गावात मानसोपचारतज्ज्ञ नाही.

14416 हा टेली-मानसचा फोन नंबर आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये तो सुरू केला. फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. नाव सांगायची सक्ती नाही. पहिला फोन करताना काय बोलावं सुचत नाही, तेव्हा एवढंच म्हणा: 'मला थायरॉईड आहे आणि मला भीती वाटते.'

प्रत्यक्ष दाखवायचं तर जिल्ह्याच्या सिव्हिलमध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा विभाग असतो. हे पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयातही येतं, तो वार आशाताईंना विचारा. संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ, नांदेडचं विष्णुपुरीतलं आणि लातूरचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, या चारही ठिकाणी थायरॉईडचे आणि मनाचे डॉक्टर एकाच आवारात भेटतात. लांबून येणार असाल तर दोन्ही विभागांना एकाच खेपेत दाखवता येतं, भाडंही वाचतं.

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार तुमची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे. गावात कळेल या भीतीने थांबू नका.

घरचे म्हणतात हे बाहेरचं आहे.

देवाला जायला मी कुणालाही नाही म्हणत नाही. नवस बोलून, देवळात बसून मन शांत होत असेल तर जरूर जा. पण गोळी बंद करायला सांगणारा, उपाशी ठेवणारा, मारहाण करणारा, पैसे उकळणारा कुणीही असो, तिथून उठून या. अशा अघोरी प्रकारांविरुद्ध महाराष्ट्रात 2013 पासून कायदा आहे. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा त्यांना बरोबर घेऊन दवाखान्यात जा. डॉक्टरांनी रिपोर्ट हातात देऊन समजावलं की पुष्कळदा त्याच पुढे गोळीची आठवण करून देतात, हे मी अनेक घरांत पाहिलं आहे.

बाळंतपणानंतर हे सुरू झालं. बाळाला काही होईल अशी सतत भीती.

बाळंतपणानंतरच्या वर्षभरात काहींच्या थायरॉईड ग्रंथीला सूज येते. आधी हार्मोन वाढतं, मग कमी होतं, आणि दोन्ही वेळी मन बिघडतं. 'ओली बाळंतीण आहे, होतं असं' म्हणून सोडू नका, टीएसएच तपासा. बाळाला किंवा स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील, भास होत असतील, रात्र-रात्र झोपच लागत नसेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आधीपासून गोळी चालू असेल आणि पाळी चुकली, तर थांबू नका. गरोदरपणात गोळीची गरज साधारण पाव ते एक तृतीयांश हिश्श्याने वाढते आणि सुरुवातीच्या आठवड्यांत बाळाच्या मेंदूला आईच्याच हार्मोनचा आधार असतो. त्याच आठवड्यात डॉक्टरांना भेटा.

मुलीला पीसीओडी आहे, तीही फार काळजी करते. बारावीचं वर्ष आहे.

पीसीओडी म्हणजे अंडाशयांच्या हार्मोनची गडबड, त्यात पाळी अनियमित होते. पीसीओडी असलेल्या मुलींमध्ये चिंता आणि उदासी जास्त आढळते, म्हणून 2023 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्येही प्रत्येकीला त्याबद्दल विचारावं असं सांगितलं आहे. चेहऱ्यावरचे केस, मुरुमं, वजन यावरून घरात टोमणे बंद करा. लातूरला शिकवणीसाठी खोली करून राहणाऱ्या मुली मेसच्या अर्ध्या जेवणावर आणि रात्रभराच्या जागरणावर असतात. तिला मार्कांआधी झोप आणि जेवण विचारा.

बाजरी, कोबी, सोयाबीन बंद करू का?

नाही. घरात आयोडीनयुक्त मीठ असेल तर शिजवलेला कोबी, फ्लॉवर आणि रोजच्या जेवणातली बाजरीची भाकरी यांनी काही होत नाही. सोयाबीनचे पदार्थ गोळीचं शोषण कमी करतात, म्हणून सोयावडी किंवा सोयाबीनचं पीठ घातलेली भाकरी गोळीनंतर काही तासांनी खा. रानात सोयाबीन काढल्याने थायरॉईड वाढत नाही, हाही प्रश्न मला विचारला गेला आहे.

लग्न जमवताना सांगायचं की नाही?

सांगावं, असं माझं मत आहे. लपवलेली गोळी चुकते, चुकलेल्या गोळीने तब्येत बिघडते आणि उघडकीला येण्याची धास्ती वेगळीच. रोज एक गोळी घेऊन संसार, मुलंबाळं, नोकरी, शेती सगळं होतं. हे ऐकून जे घर मागे सरतं, तिथे पुढे आजारपणात कुणी पाणी विचारलं असतं असं मला वाटत नाही.

नवऱ्याने काय करावं?

एकदा तरी तिच्याबरोबर दवाखान्यात यावं आणि बाहेर टपरीवर न थांबता आत बसावं. पहाटेचा पहिला चहा स्वतः करावा, म्हणजे तिच्या गोळीला अर्धा तास मिळेल. 'काही होत नाही, घाबरू नको' यापेक्षा 'मी बसलोय' हे जास्त उपयोगी पडतं.

पुरुषांनाही थायरॉईड होतो आणि धास्तीही. पाऊस लांबला, पीक गेलं, बँकेची नोटीस आली की ते बोलत नाहीत, दारू घेतात. वरचं सगळं त्यांनाही लागू आहे.

कधीकधी जगणं नको वाटतं.

हे कुणाला तरी आजच सांगा. नवरा, बहीण, आशाताई, कुणीही. बोलायला कुणी नसेल तर आत्ता 14416 लावा. घरातली फवारणीची औषधं कुलपात ठेवायला किंवा शेजारी द्यायला घरच्यांना सांगा. तो विचार ज्या घडीला जोर करतो, त्या घडीला हाताशी काही नसणं यानेच कितीतरी जीव वाचतात. कुणी आधीच काही घेतलं असेल तर उलटी काढायच्या नादात वेळ घालवू नका, 108 ला फोन करा आणि बाटली बरोबर न्या. पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असं कायदा धरतो, तिला शिक्षा करत नाही, उपचार देणं सरकारची जबाबदारी मानतो.

गोळी आयुष्यभर घ्यावी लागेल का? तपासणी किती दिवसांनी?

हाशिमोटो असेल तर बहुतेकींना कायम घ्यावी लागते. बाळंतपणानंतरचा थायरॉईड काहींचा पूर्ण बरा होतो. आकडा स्थिर झाला की सहा महिने ते वर्षाने एक तपासणी पुरते. धडधड वाढली, वजन अचानक बदललं, दिवस गेले किंवा गोळीची कंपनी बदलली तर त्याआधी करा. धास्ती वाटली म्हणून दर पंधरा दिवसांनी लॅबमध्ये जाऊ नका. तो खर्च वाचवा आणि तेवढ्या भाड्यात समुपदेशकाला एकदा भेटा.